टाके, टँक आणि टँकर

अहिल्यानगर जिल्हा विस्ताराने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. २०२४ सालापर्यंत त्याचे नाव अहमदनगर असे होते. लोकांच्या बोलण्यात मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या नुसता ‘नगर जिल्हा’ आहे. या एकाच जिल्ह्यात तीन ठिकाणी तीन देखावे पाहावयास मिळतात.

पहिला देखावा पश्चिमेकडील अकोले तालुक्यातला. हरिश्चंद्रगडाची उभी चढण चढून थकलेला वाटसरू माथ्यावर येतो. वैशाखाचे ऊन कातळावर रणरणत असते. अशा वेळी त्याला काळ्या खडकात कोरलेले एक चौकोनी कुंड दिसते. तो वाकून ओंजळ भरतो. पाणी बर्फासारखे गार असते. आसपासचे गावकरी त्या कुंडाला ‘टाके’ म्हणतात.

दुसरा देखावा खुद्द नगरच्या लष्करी छावणीतला. तेथील संग्रहालयाच्या विस्तीर्ण आवारात पोलादी धुडे ओळीने उभी आहेत. त्यांना चाकांऐवजी रुंद साखळपट्टे आहेत आणि त्यांच्या माथ्यावरून लांब तोफांची तोंडे पुढे रोखलेली आहेत. लहान मुले ती पाहून क्षणभर थबकतात. या धुडांना इंग्रजीत ‘टँक’ म्हणतात.

तिसरा देखावा जिल्ह्यातील एखाद्या अवर्षणग्रस्त खेड्यातला. विहिरीने तळ गाठलेला असतो. वेशीजवळ पहाटेपासून हंड्याकळशांची रांग लागलेली असते. दूरवर रस्त्यावर धुरळा उठतो आणि मुले ओरडत सुटतात, “टँकर आला! टँकर आला!”

टाके, टँक आणि टँकर! एक पाणी साठविणारे, दुसरा आग ओकणारा आणि तिसरा तहानलेल्यांना पाणी आणून देणारा. तिघांची कामे किती भिन्न! पण नावे मात्र सख्ख्या भावंडांसारखी. हा केवळ योगायोग आहे, की या नावांचे काही नाते आहे? त्याचा शोध घेऊ लागले की एका लहानशा शब्दाची मोठी कहाणी उलगडत जाते.

कहाणीचा आरंभ टाक्यापासूनच केला पाहिजे. सह्याद्रीवर पाऊस कोसळतो तो चार महिने. तेव्हा डोंगरावरून धबधबे धावतात. परंतु ते सारे पाणी पाहता पाहता खाली निघून जाते आणि पुढील आठ महिने माथा कोरडा राहतो. ज्यांना गडावर राहावयाचे होते त्यांनी या अडचणीवर एक उपाय योजला. त्यांनी अखंड कातळात कुंडे खोदली. सह्याद्रीचा काळा दगड घट्ट असतो, त्यामुळे त्यातून पाणी सहसा झिरपून जात नाही. खोदताना निघालेला दगड तटबंदीच्या व इमारतींच्या उपयोगी पडे आणि पडलेल्या खड्ड्यात पाणी साठे. एकाच श्रमात दोन कामे! काही टाकी आतल्या बाजूस खोल कोरीत नेलेली असतात आणि वरचे छत तोलून धरण्यासाठी मध्ये दगडाचेच खांब राखलेले असतात. अशा टाक्यांना ‘खांबटाकी’ म्हणतात. त्यांतील पाण्याला ऊन लागत नाही. म्हणून ते आटतही नाही आणि तापतही नाही. हरिश्चंद्रगडाप्रमाणेच त्याच तालुक्यातील रतनगडावरही अशी टाकी आहेत.

ही विद्या फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नर आणि कान्हेरी येथील लेण्यांत बौद्ध भिक्षू राहत असत. तेथेही पाण्याची अशीच कुंडे आहेत. दानशूर लोकांनी ती खोदवून दिली आणि तसे शिलालेख कोरून ठेवले. त्या शिलालेखांतील प्राकृत भाषेत या कुंडाला ‘पोढि’ म्हटले आहे. पुढे तो शब्द लोकांच्या ओठांवरून नाहीसा झाला आणि त्याच वस्तूला आपण ‘टाके’ म्हणू लागलो. वस्तू तीच राहिली. नाव मात्र बदलले. याच्या नेमके उलटही घडते. नाव तेच राहते आणि वस्तू बदलते. ‘टँक’ या शब्दाच्या बाबतीत असेच घडले आहे.

‘टाके’ हा शब्द केवळ महाराष्ट्रातच आहे असे नाही. गुजरातीत ‘टांकुं’ आणि राजस्थानात ‘टांका’ म्हणतात. गुजरात-राजस्थानातील जुन्या घरांत अंगणाखाली चुनेगच्ची हौद बांधीत, पावसाळ्यात छपरावरचे पाणी त्यात उतरवीत आणि ते वर्षभर पुरवून पुरवून वापरीत. १८०८ साली ड्रमंड नावाच्या इंग्रजाने मुंबईत गुजराती व मराठी भाषांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने या दोन्ही शब्दांची नोंद केली आहे. ही टाकी बहुधा घरात असतात, ती वरून जवळजवळ झाकलेली असतात आणि घागर आत सोडण्यापुरतेच त्यांना तोंड ठेवलेले असते, असे त्याने लिहून ठेवले आहे.

इंग्रज व्यापारी सतराव्या शतकाच्या प्रारंभी सुरतेच्या बंदरात उतरले. इंग्लंडमध्ये नद्या बारमाही वाहतात आणि पाऊस वर्षभर पडतो. पाणी साठवून ठेवण्याची एवढी खटपट त्यांनी आपल्या देशी पाहिली नव्हती. गुजरातेत आणि पुढे कोकणात त्यांनी पायऱ्यापायऱ्यांची तळी, दगडी कुंडे आणि झाकलेले हौद पाहिले. नव्या वस्तूला नवे नाव हवे होते. त्या काळातील इंग्रज प्रवाशांच्या लेखनात हिंदुस्थानातील तळ्यांसाठी ‘टँक’ हा शब्द दिसू लागतो.

मग हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलला असे म्हणावयास काय हरकत आहे? येथे थोडे थांबले पाहिजे. कारण इंग्रजांच्या शंभर वर्षे आधी पोर्तुगीज लोक आपल्या किनाऱ्यावर आले होते आणि त्यांच्या भाषेत ‘टाके’ याच्याशी जुळणारा एक शब्द तळे या अर्थाने होता. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला. त्याच्या त्या पहिल्या सफरीच्या वृत्तान्तातही एका बांधीव तळ्यासाठी हाच शब्द आहे. तेव्हा पोर्तुगीजांना मराठी किंवा गुजराती शिकण्यास अवधी तरी कोठे मिळाला होता? त्यांचा शब्द त्यांनी घरूनच आणला होता. पोर्तुगीज भाषेत वाहते पाणी अडविणे या अर्थाचे एक क्रियापद आहे. त्याच्याशी या शब्दाचा संबंध जोडतात.

अशा रीतीने दोन दूरच्या देशांत, एकमेकांची ओळख नसताना, जवळजवळ एकाच उच्चाराचे आणि एकाच अर्थाचे दोन शब्द नांदत होते. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांची गाठ पडली. इंग्रजांच्या कानांवर एकीकडून देशी लोकांचे ‘टाके’ आणि ‘टांकुं’ पडत होते, दुसरीकडून पोर्तुगीजांचा शब्द पडत होता. दोन ओढे मिळून एक नदी व्हावी तसा या दोहोंपासून इंग्रजीतील ‘टँक’ सिद्ध झाला, असे अनेक कोशकारांचे मत आहे. नदीतील ओंजळभर पाणी घेऊन हे कोणत्या ओढ्याचे, असे कोणी सांगू शकेल काय?

शब्दांचे मूळ शोधताना हा धडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दोन शब्द सारखे ऐकू आले की ते एकाच घराण्यातील, असे मानण्याचा मोह होतो. पाथरवटाच्या छिन्नीलाही मराठीत ‘टाकी’ म्हणतात. ‘टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही’ ही म्हण प्रसिद्धच आहे. तेव्हा टाकीने कोरले ते टाके, असे कोणीही चटकन म्हणेल. ते ऐकावयास गोड वाटते. परंतु गोड वाटणे हा पुरावा नव्हे. शब्द केव्हा, कोठे आणि कोणी वापरला, याच्या नोंदी तपासाव्या लागतात. आपला शब्द दुसऱ्याने घेतला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या अभिमानापायी दुसऱ्याचे देणे विसरू नये. ज्यात आपण पाणी भरतो ती बादली आणि ते पिंप हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले आहेत. भाषांचा व्यवहार असाच देवघेवीचा असतो. त्यात देणाराही गरीब होत नाही आणि घेणाराही लहान ठरत नाही.

असो. इंग्रजीत रुजल्यावर हा शब्द वाढू लागला. हिंदुस्थानात इंग्रजांनी प्रत्येक तळ्याला टँक म्हणण्याचा सपाटा लावला. मुंबईतील गोवालिया टँक आणि सी. पी. टँक ही नावे त्या काळाची आहेत. या दोन्ही ठिकाणी पूर्वी खरोखरीची तळी होती. ती पुढे बुजविण्यात आली. पाणी गेले, पण नाव राहिले. याच गोवालिया टँकच्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’चा ठराव संमत झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढाऱ्यांना अटक झाली आणि पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद यांच्यासह अनेक पुढाऱ्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. त्या किल्ल्यात पंडितजींनी ‘भारताचा शोध’ हा आपला ग्रंथ लिहिला.

नगर शहरालाही या अर्थाचे टँक नवे नव्हते. निजामशाहीच्या काळात दूरच्या झऱ्यांचे पाणी खापरी नळांनी शहरात आणलेले होते. कापूरवाडीकडून येणारा नळ त्यांपैकीच एक. शहराजवळचा फराहबाग हा महाल तर सोळाव्या शतकात एका विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी उभारला गेला. इंग्रजी ग्रंथांत त्या तलावाचा उल्लेख टँक असाच येतो.

इकडे इंग्लंडमध्ये यंत्रांचे युग सुरू झाले होते. लोखंडी पत्र्यांच्या मोठमोठ्या पेट्यांत पाणी, तेल, रसायने साठविली जाऊ लागली. या पेट्यांना तेथील लोकांनी टँक म्हणण्यास आरंभ केला. हिंदुस्थानातील टँक म्हणजे घाट असलेले तळे आणि इंग्लंडमधील टँक म्हणजे लोखंडी पेटी, असा भेद पडला. तरी द्रव पदार्थ साठविणे हा मूळ अर्थ अद्याप सुटला नव्हता. तो सुटला एका महायुद्धात आणि तोही एका थापेमुळे!

१९१४ साली युरोपात पहिले महायुद्ध पेटले. फ्रान्सच्या भूमीवर दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी खंदक खणले आणि त्यांपुढे काटेरी तारांची कुंपणे घातली. खंदकातून जो सैनिक बाहेर येई तो यंत्रतोफांच्या माऱ्यात सापडे. कोणालाच पुढे सरकता येईना. तेव्हा खंदक ओलांडील, तारा चिरडून टाकील आणि गोळ्यांना दाद देणार नाही अशी चिलखती गाडी तयार करण्याची कल्पना पुढे आली. १९१५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या आरमारखात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांनी त्यासाठी एक समिती नेमली. ती आरमाराची समिती असल्यामुळे या गाडीला प्रथम ‘जमिनीवरचे जहाज’ असे म्हणत.

परंतु या नावाने सारे गुपितच फुटले असते. गाडी लिंकन या गावातील एका कारखान्यात तयार होत होती. कामगार घरी जाऊन बोलणार, शत्रूचे हेर ते ऐकणार! म्हणून हे मेसोपोटेमियाच्या वाळवंटात पाणी नेण्याचे यंत्र आहे, अशी हूल उठविण्यात आली. लोखंडाची ती प्रचंड पेटी पाहून कोणालाही ते खरे वाटावे. आता या थापेला शोभेल असे नाव हवे होते. १९१५ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, ते निश्चित झाले. ते होते ‘टँक’. हे नाव सुचविणाऱ्यांत अर्नेस्ट स्विंटन हा सेनाधिकारी प्रमुख होता. या स्विंटनचा जन्म हिंदुस्थानातच, बंगळूर येथे, १८६८ साली झाला होता.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीच्या परिसरात ही गाडी प्रथम रणांगणावर उतरली. तिचे वजन सुमारे २८ टन होते. आत आठ माणसे बसत. वेग ताशी सहा किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकाच! त्या दिवसासाठी ४९ गाड्या सज्ज केल्या होत्या. त्यांपैकी ३२ गाड्याच हल्ल्याच्या जागेपर्यंत पोहोचू शकल्या. बाकीच्या वाटेतच बिघडल्या वा रुतून बसल्या. तथापि त्या दिवसापासून युद्धाचे स्वरूप पालटले. गुपित राखण्याची आता गरज उरली नव्हती. पण तोवर खोटे नाव सर्वांच्या तोंडी बसले होते. पाण्याच्या टाकीचे नाव धारण करून ते अस्त्र जगभर गेले.

सगळ्या भाषांनी मात्र ते नाव घेतले नाही. जर्मन लोकांनी आपल्या भाषेतील चिलखत या अर्थाचा ‘पांझर’ हा शब्द वापरला. फ्रेंचांनी ‘शार’ म्हणजे रथ म्हटले. मराठीनेही स्वतःचा शब्द घडविला, तो ‘रणगाडा’. इंग्रजी शब्दात लपवाछपवी आहे. मराठी शब्दात मुळीच नाही. रणात चालणारा गाडा तो रणगाडा. ‘रण’ आणि ‘गाडा’ हे दोन्ही शब्द शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक आहेत. त्यामुळे ज्याने रणगाडा कधी पाहिलेला नाही त्याच्याही डोळ्यांपुढे काही चित्र उभे राहते. परकी शब्द घेण्यात कमीपणा नाही हे खरे. पण आपल्या घरच्या दोन शब्दांची सांगड घालून नवा शब्द घडविण्यातही एक आनंद आहे.

रणगाड्यांचा आणि नगरचा संबंध निकटचा आहे. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र व विद्यालय नगर येथे स्थापन झाले. तेथे हजारो जवान रणगाडा चालविण्याची आणि त्यावरील तोफ डागण्याची विद्या शिकले आहेत. १९९४ साली तेथे रणगाड्यांचे संग्रहालय सुरू झाले. इंग्लंडचे जुने रणगाडे, चेन्नईजवळील आवडी येथे तयार झालेला ‘विजयंता’, युद्धात शत्रूकडून जिंकून घेतलेला ‘पॅटन’ असे सुमारे पन्नास रणगाडे व चिलखती गाड्या तेथे पाहावयास मिळतात.

नगरच्या या केंद्रात जपून ठेवलेल्या एका रणगाड्यापुढे मस्तक आपोआप नम्र होते. तो आहे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा सेंच्युरियन रणगाडा. त्याचे नाव ‘फामागुस्ता’. अरुण खेत्रपाल यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला आणि पुणे हॉर्स या पलटणीतून ते लढले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीच्या लढाईत शत्रूच्या रणगाड्यांशी झुंजताना त्यांच्या रणगाड्याला आग लागली. बाहेर पडण्याची आज्ञा झाली. पण आपली तोफ अजून चालू आहे, असे कळवून ते जागेवरून हलले नाहीत. तेथेच त्यांना वीरमरण आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. पाण्याच्या साध्या टाक्याचे नाव अशा रीतीने एका तरुणाच्या अतुल पराक्रमाशी जोडले गेले आहे.

आता उरला टँकर. पाणी किंवा तेल वाहून नेणारी टाकी ज्या जहाजावर वा मोटारीवर बसविली ते वाहन म्हणजे टँकर. हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला आणि दुष्काळाबरोबर खेडोपाडी पोहोचला. नगर जिल्ह्याचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग सोडला तर बाकीचा बराचसा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. तेथे पाऊस थोडा आणि तोही बेभरवशाचा. १९७२ चा मोठा दुष्काळ पाहिलेली माणसे अजूनही त्याच्या आठवणी सांगतात. त्यानंतरही अनेक उन्हाळ्यांत अनेक गावांना टँकरवाचून गत्यंतर उरले नाही. टँकर हा अडचणीच्या वेळचा सोबती खरा. पण तो दारी येणे हे सुखाचे लक्षण नव्हे. आपल्या शिवारातले पाणी संपले याचीच ती वर्दी असते.

कालचक्र कसे फिरते पाहा! पाणी साठविण्याची युक्ती ज्यांच्या पूर्वजांनी कातळात कोरून ठेवली, ज्यांच्या टाक्यांनी परदेशी लोकांच्या भाषेत भर घातली, त्यांच्याच मुलांना हंडे घेऊन टँकरची वाट पाहावी लागली. शब्द गेला तेव्हा पाण्याच्या साठ्याचे नाव होऊन गेला. परत आला तो पाण्याच्या टंचाईचे नाव होऊन!

परंतु या कहाणीचा शेवट येथे होत नाही. नगर तालुक्यात हिवरे बाजार नावाचे एक लहान गाव आहे. तेथे पाऊस फार थोडा पडतो. गावाभोवतालचे डोंगर उघडेबोडके झाले होते, विहिरी आटल्या होत्या आणि पोट भरण्यासाठी माणसे गाव सोडून जात होती. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. ग्रामस्थांनी एकदिलाने कामास आरंभ केला. डोंगरउतारावर समपातळीत चर खणले, ओढ्यांवर बांध घातले, हजारो झाडे लावली आणि चराईस व वृक्षतोडीस बंदी केली. धावणाऱ्या पाण्याला त्यांनी चालावयास लावले आणि चालणाऱ्या पाण्याला जमिनीत मुरावयास लावले. इतकेच करून ते थांबले नाहीत. शेतीसाठी विंधनविहीर खणावयाची नाही, फार पाणी पिणारा ऊस लावावयाचा नाही, असे नियम त्यांनी आपणच आपल्यावर घालून घेतले. घरखर्चाचा हिशेब मांडावा तसा हे गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला ते मोजावयाचे आणि त्यावरून कोणती पिके घ्यावयाची ते ठरवावयाचे. या गावाने टँकर विसरून दाखविला. गाव सोडून गेलेली कित्येक कुटुंबे परत आली. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या गावाने अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली त्याआधीच असा मार्ग दाखवून दिला होता.

विचार केला तर हिवरे बाजारने नवे असे काय केले? गडावरील लोकांनी जे कातळात केले तेच या लोकांनी मातीत केले. साऱ्या शिवारालाच त्यांनी एक मोठे टाके बनविले. ‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण चांगल्या अर्थाने खरी करून दाखविली.

शब्द देश हिंडतात, वेष पालटतात, कधी थापेच्या मागे लपतात, तर कधी पराक्रमाने उजळून निघतात. त्यांच्यामागे आपण हिंडलो तर इतिहास, भूगोल आणि विज्ञान यांची भेट वाटेतच होते. ‘टँक’ हा शब्द इंग्रजीत अवघ्या चार अक्षरांचा. पण त्याने हरिश्चंद्रगडापासून सोम नदीपर्यंत आणि तेथून पुन्हा नगरच्या वेशीपर्यंत प्रवास केला. पुढील उन्हाळ्यात गावाच्या वेशीवर मुले कशासाठी धावत येतील, टँकर आला म्हणून, की बांध भरला म्हणून, हे मात्र शब्दकोशात लिहिलेले नाही. ते पावसाळ्याच्या आधी हातात कुदळ घेणाऱ्यांनी ठरवावयाचे आहे.

स्वाध्याय

१. नगर जिल्ह्यातील कोणत्या तीन देखाव्यांनी या पाठाचा आरंभ झाला आहे?

२. गडावरील टाक्यांतील पाणी का आटत नाही व का तापत नाही?

३. इंग्रजीतील ‘टँक’ हा शब्द केवळ मराठी-गुजरातीवरून आला असे निश्चितपणे का म्हणता येत नाही?

४. चिलखती गाडीला ‘टँक’ हे नाव कोणत्या कारणासाठी देण्यात आले?

५. ‘परत आला तो पाण्याच्या टंचाईचे नाव होऊन’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

६. ‘रणगाडा’ हा शब्द जसा दोन ओळखीच्या शब्दांपासून झाला आहे, तसे आणखी पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

७. तुमच्या गावात पाणी साठविण्याच्या जुन्या जागा कोणत्या आहेत? वडीलधाऱ्या माणसांना विचारून त्यांची नावे व माहिती लिहा.